बिराजदार बाई आणि बुजवलेली विहीर

बिराजदार बाई कुणाच्याही घरी गेल्या, की उंबऱ्यात चपला काढता काढताच कामाचं बोलून टाकायच्या. "आधी बसा तरी," असं घरचे म्हणाले, तर म्हणायच्या, "बसलं की माणूस गोड बोलायला लागतो. उभ्यानंच बोललेलं बरं." बोलणं झालं, की मग आत येऊन निवांत बसायच्या, पाणी मागायच्या, पोराबाळांची चौकशी करायच्या. तोवर घरच्यांच्या तोंडची चव बहुतेक वेळा गेलेली असायची.

सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत मी भूगोल शिकवायला लागले, तेव्हा बाई तिथल्या गणिताच्या सगळ्यात जुन्या शिक्षिका होत्या. गंगाबाई बिराजदार. उंच, सावळ्या, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, अंगावर कायम इरकल. लग्न केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारायचं धाडसही केलेलं नव्हतं. भवानी पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. त्यात वर्षानुवर्षं बदल नाही. मराठी चांगलं शुद्ध बोलायच्या, पण वाक्याच्या शेवटी कानडी हेल यायचा. वर्गात गोंधळ झाला तर ओरडायच्या नाहीत. फळ्याकडे तोंड करून हळू आवाजात कानडीत मोजायला लागायच्या, "ओंदु... एरडु..." 'मूरु' ऐकायची वेळ आपल्यावर आली, असं सांगणारी एकही मुलगी मला पुढे भेटली नाही.

त्यांच्या स्वभावाची पहिली ओळख मला एका नळावरून झाली. आमच्याकडे पाणी काही रोज येत नाही. शाळेत मोठी टाकी होती आणि उन्हाळ्यात तिच्यावर सगळ्यांचा जीव. एका दुपारी कुणीतरी टाकीचा नळ तोडला आणि सगळं पाणी पटांगणात गेलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सगळ्या वर्गाला शिक्षा करू आणि विषय संपवू. बाईंनी ऐकलं नाही. रोज तासाच्या सुरुवातीला त्या वर्गासमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "शिक्षा कुणालाच करणार नाही. जिनं केलं तिनं फक्त उठून म्हणावं, मी केलं. खरं सांग आणि बस." मग गणित शिकवायला लागायच्या. पुढच्या आठवड्यात एक मुलगी उठली. बारकी, दोन वेण्यांची, बापाचं चादरीच्या कारखान्यात काम. म्हणाली, मी केलं, ओढून बघत होते. बाई म्हणाल्या, "बस." खरोखरच पुढे एक शब्द नाही.

पण वर्गातल्या मुलींनी तिला सोडलं नाही. तिला कुणी आपल्या बाकावर घेईना. बाईंनी स्वतःच्या टेबलाशेजारी तिच्यासाठी स्टूल मांडलं. मी शिक्षकांच्या खोलीत म्हटलं, "बाई, त्या पोरीला फार जड गेलं." बाई डबा पुसत होत्या. म्हणाल्या, "जाणारच. खोटं हलकं असतं म्हणून तर लोक ते उचलतात."

तेव्हा मला त्या नुसत्या हट्टी वाटल्या होत्या.

दर वर्षी सप्टेंबरात बाई एक दिवस रजा घ्यायच्या. बाकी आजारपणातसुद्धा शाळेत येणारी बाई ती एक रजा कधी चुकवत नसे. मी एकदा विचारलं, "कुठे जाता?"

"गावाला."

"काय असतं गावाला?"

"काही नसतं. म्हणून जाते."

दुसऱ्या वर्षी त्यांनीच विचारलं, "येतेस का?" मी गेले. नळदुर्गपर्यंत एसटी, पुढे माणसं कोंबून भरलेली वडापची जीप. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. बाईंनीच पुढे तसं सांगितलं होतं. त्या वेळचं आता तिथे कुणी उरलं नाही, आजच्या माणसांना कशाला डाग, असं त्यांचं म्हणणं. गावाबाहेर ओढ्याच्या अलीकडे एक पडीक तुकडा होता. दगडमातीनं बुजवलेल्या विहिरीचा काठ तेवढा दिसत होता आणि मधोमध वेडी बाभूळ माजली होती. तिथे उभं राहून बाईंनी मला सांगितलं.

हा सगळा मुलूख तेव्हा निजामाचा. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात बाईंच्या सख्ख्या चुलत्याला रझाकारांनी शिवेवर मारलं. प्रेत दोन दिवस तिथेच पडून होतं, आणायला कुणी धजावत नव्हतं. शेवटी बाईंचे मामा, शिवलिंगप्पा, विशीतला गडी, एकटा गेला आणि खांद्यावर घालून घेऊन आला. मग घरदार सोडून सगळे सोलापुरात, नातेवाइकांकडे. सोलापुरातून सैन्याच्या गाड्या नळदुर्गकडे निघाल्या त्या दहा वर्षांच्या गंगूनं रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिल्या. निजाम पडला. लोक आनंदानं गावी परतले.

आणि त्यानंतर ते झालं. गावात मुसलमानांची थोडी घरं होती. पिंजारी, मणेर, एक शिंपी. त्यांच्यातला कुणी रझाकार नव्हता. आजूबाजूच्या गावांतून जमाव आला, गावातली तरणी पोरं त्यात मिसळली. त्या घरांतल्या पुरुषांना चावडीवर बोलावलं होतं. काही होणार नाही, नावं लिहून घ्यायची आहेत, असा निरोप. ते येईनात. तेव्हा बाईंचे वडील, गावातलं वजनदार माणूस, स्वतः पिंजाऱ्याच्या दारात गेले. हसन पिंजारी त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. बाई माळवदावर वाळवणाशी बसल्या होत्या. त्यांनी वरून पाहिलं. पुढे आपले वडील, त्यांनी हसनचाचाचा हात धरलेला, आणि मागून बाकीचे पुरुष. चावडीपाशी सगळे वळले. पुढचं बाईंना दिसलं नाही. नुसतं ऐकू आलं. संध्याकाळी विहिरीवर लोक दगड टाकत होते. त्याच वेळी बाईंच्या आईनं हसनचाचाची बायको आणि मुलगी जैनबी यांना आपल्या गोठ्यात वैरणीखाली लपवलं आणि पहाटे बैलगाडीनं सोलापूरच्या वाटेला लावलं.

"अप्पांना फसवलं होतं," बाई म्हणाल्या. "त्यांच्या शब्दावर विसंबून माणसं आली आणि शब्द ज्यांनी दिला होता त्यांनी मोडला. अप्पा त्या दिवसापासून चावडीकडे फिरकले नाहीत. मरेपर्यंत घरात कुणाशी मोकळं बोलले नाहीत."

मग त्यांनी विहिरीकडे तोंड करून मेलेल्यांची नावं घेतली. एकेक, संथपणे, वर्गात हजेरी घेतात तशी.

निवृत्त झाल्यावर बाईंनी हे काम पूर्णवेळ अंगावर घेतलं. आधी एका वकिलाकडे गेल्या. तो म्हणाला, फिर्याद नाही, पंचनामा नाही, आरोपी निम्मे मेलेत. मग सरकारी कचेरीत. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "बाई, तेव्हा तो भाग आपल्याकडे नव्हताच. वेगळं राज्य होतं. ते राज्यच आता नाही."

"राज्य मेलं म्हणून खून मेला का?" बाईंनी विचारलं. अर्थातच उभ्यानं.

साहेब चांगला माणूस असावा. तो म्हणाला, "तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

"दोन गोष्टी. त्या जागेवर नावांचा एक दगड. आणि ज्यानं केलं त्यानं म्हणावं, मी केलं."

"पहिल्याचा अर्ज करा," साहेब म्हणाले. "दुसरं माझ्या हातात नाही."

दगडाला ग्रामपंचायतीनं नकार दिला. चुलत्याच्या नावाचा दगड चावडीसमोर केव्हाच बसला होता. सप्टेंबरात त्याला हार पडायचा. बाई त्या हारालाही हात जोडायच्या. "काकाला मारलं तेही खूनच," त्या म्हणायच्या. "त्याचा दगड आहे. यांचा नाही. एवढंच माझं गणित आहे." गावातल्या काहींनी त्यांना तोंडावर विचारलं, तू कुणाची लेक? बाई म्हणायच्या, "बिराजदारांची. म्हणून तर विचारते."

ज्यांनी केलं त्यांच्यातला एकच माणूस शेवटी उरला. शिवलिंगप्पा मामा. ज्यानं काकाचं प्रेत खांद्यावरून आणलं तोच त्या दिवशी जमावाच्या पुढे होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आता तो पिकल्या पानासारखा म्हातारा, झेंडावंदनाला पहिला मान, घरात शालींचा ढीग. आणि बाईंवर त्याचा फार जीव. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले आणि दोन्ही वेळा तेच पाहिलं. बाई दारातच उभ्या.

"मामा, त्या दिवशी अप्पांना तुम्ही काय सांगितलं होतं?"

"आलीस व्हय गंगव्वा? ये की. भाकरी खा आधी, थंड व्हायलीय."

"मामा, मी विचारलं काहीतरी."

"इचारलंस की. दर साली इचारतीस." मग सुनेला हाक, "हिला दही वाढ गं, तिला दही लागतंय."

बाई जेवायच्या. मामांच्या गुडघ्यांसाठी सोलापुरातून आणलेलं तेल काढून द्यायच्या. निघताना पायाही पडायच्या. परतीच्या जीपमध्ये मी विचारलं, "तुम्हाला यांचा राग येत नाही?" त्यांनी तेलाची रिकामी पिशवी नीट घडी केली. "माझं जावळ यांच्या मांडीवर काढलंय," म्हणाल्या. "राग यायला माणूस परका तरी पाहिजे."

जैनबी बाईंना सापडली ती गादीमुळे. जुनी गादी पिंजून घ्यायला बाई विजापूर वेशीतल्या एका दुकानात गेल्या. दुकानात एक म्हातारी बसली होती, दाभणानं गादीचे टाके घालत. तिनं पोराला काहीतरी सांगितलं आणि तिच्या बोलण्यातला गावचा हेल बाईंनी ओळखला. विचारलं, "कुठल्या तुम्ही?" म्हातारीनं मान वर केली, कपाळावरची विभूती पाहिली, चेहरा पाहिला. "गंगू?" ती म्हणाली.

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी बाई तिच्याकडे चहाला. जैनबी गोल, हसरी, पान खाणारी. नातवंडांनी भरलेलं घर. त्या दिवसाबद्दल ती बोलायची नाही. बाई दगडाचं काढायला लागल्या, की म्हणायची, "राहू दे गं. पोरांना हितंच धंदा करायचाय." एकच गोष्ट ती स्वतःहून सांगायची, आणि मी असताना दोन-तीनदा सांगितली. "हिच्या अप्पानं माझ्या अब्बाचा हात शेवटपर्यंत सोडला न्हाय. अम्मी मरेपर्यंत तेच बोलायची. म्हणायची, तुझा बाप एकटा न्हाय गेला. दोस्त होता हाताला."

हे ऐकताना बाईंचा चेहरा मऊ व्हायचा. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, बाईंची सगळी धडपड नुसती मेलेल्यांसाठी नव्हती. अप्पांना फसवलं गेलं, हे मामांच्या तोंडून त्यांना ऐकायचं होतं. हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसावं.

दहा-बारा वर्षांपूर्वी पुण्याहून केतकी नावाची मुलगी आली. युद्धात, दंग्यात झालेल्या अत्याचारांचा पाठपुरावा करणाऱ्या साध्या माणसांवर ती माहितीपट करत होती. बाई आधी नाही म्हणाल्या. "माझं काय चित्र काढतेस? मी काही मिळवलेलं नाही." केतकी म्हणाली, "म्हणूनच." हे उत्तर बाईंना आवडलं.

जैनबीनं कॅमेऱ्याला साफ नकार दिला. मामांनी मात्र होकार दिला. आम्हाला सगळ्यांनाच नवल वाटलं. ते तेव्हा अगदी थकले होते. धरून बसवावं लागायचं. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, असे ओसरीवर बसले आणि केतकीनं विचारायला सुरुवात केली. रझाकारांचं सगळं सांगितलं. मेहुण्याच्या भावाचं प्रेत कसं आणलं, वाटेत किती वेळा टेकलं, वास कसा येत होता, हे सांगताना त्यांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. केतकीचेही डोळे भरले. मग बाई कॅमेऱ्याच्या मागून, खांबाला टेकून, म्हणाल्या, "मामा, आणि त्यानंतर?"

मामांनी हात वर केला. "ते बंद करा."

"बंद कर, केतकी," बाई म्हणाल्या.

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मामा त्यांच्याकडे बघत बोलले. "गंगव्वा, तू म्हणतीस, मी केलं म्हणा. मी केलं. ह्या हातानं केलं. पर तुझ्या बापाला मी फसवलं न्हाय. तेला सगळं ठाऊक हुतं. भावाच्या मातीवर अजून गवत बी उगवलं नव्हतं. तेच म्हणला, मी गेल्याबिगर हसन यायचा न्हाय. मी आणतो."

मामांनी सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

बाई अंगणातून बाहेर गेल्या. मी मागे गेले. जीपच्या बॉनेटवर हात टेकून त्या उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, म्हातारा माणूस आहे. स्वतःचं ओझं वाटून टाकायला खोटं बोलला असेल."

"नाही," त्या म्हणाल्या. "हात मी पाहिला होता. मनगटाला धरलं होतं. इतकी वर्षं मी समजत होते, आधाराला धरलंय."

मग वळल्या आणि परत आत गेल्या. केतकीला म्हणाल्या, "चालू कर. मामा, पुन्हा सांगा."

"मी न्हाय सांगायचा आता. बाप तुझा हाय. तू सांग."

आणि बाईंनी सांगितलं. ओसरीच्या पायरीवर उभं राहून, कॅमेऱ्याकडे सरळ बघत. वडिलांचं पूर्ण नाव घेऊन. एकदाही अडखळल्या नाहीत. ज्यांच्या तोंडून 'मी केलं' ऐकायला आयुष्य घालवलं, त्यांच्यातलं आपल्या घरचं माणूस मेलेलं होतं. त्याच्या वतीनं त्या बोलल्या. मामा खाली मान घालून ऐकत होते. बोलणं झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. झिडकारलाही नाही. तो तसाच राहिला आणि मग मामांनी मांडीवर ठेवला. त्याच वर्षी ते वारले. बाई मातीला गेल्या होत्या.

जैनबीला हे सांगायचं की नाही, यावर आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, "तिच्याकडे बापाची तेवढीच एक गोष्ट आहे. ती राहू द्या. फिल्ममधून तो भाग काढायला सांगा."

"मामाला मी आयुष्यभर 'सांगा, सांगा' म्हणत होते. आता माझ्यावर आलं तर गप्प बसू?"

"पण तिला त्यातून काय मिळणार?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता. "पण तिच्याकडे चहा प्यायचा आणि हे पोटात ठेवायचं, ते मला जमणार नाही, सुनीता."

शुक्रवारी त्या गेल्या. मी बरोबर होते. जैनबी दुकानाच्या मागच्या खोलीत गादीला टाके घालत बसली होती. "आली का गंगू? बैस," म्हणाली. बाई बसल्या नाहीत. दारात उभ्या राहून सगळं सांगितलं. मामा काय म्हणाले तेही, शब्दाला शब्द.

जैनबीचं दाभण कापसात रुतलं ते तिथेच राहिलं. माझ्यासमोर कायम मराठी बोलणारी ती बाई एकदम तिच्या घरच्या बोलीवर गेली. "ये कायको बोली तू मेरेको?"

"खरं आहे म्हणून," बाई म्हणाल्या.

"मैं मांगी थी क्या?" तिनं दाभण ओढून काढलं. "एकच गोष्ट होती गं माझ्याकडं अब्बाची. ती बी घेऊन चाललीस."

बाई वाट बघत उभ्या राहिल्या. कशाची, कोण जाणे. शिव्यांची असेल. जैनबीनं खाली बघून पुढचा टाका घातला. तिची सून शबाना चहाचे कप घेऊन आली होती, ती दारातच थबकली. आम्ही परत आलो.

पुढच्या शुक्रवारी बाई एकट्या गेल्या. शबानानं दारातून सांगितलं, अम्मी झोपलीय. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही झोपलेली. आत पानाच्या अडकित्त्याचा आवाज येत होता, असं बाईंनी मला सांगितलं. मग त्या जायच्या थांबल्या.

त्यानंतर बाई एकदम म्हाताऱ्या झाल्या. डबा आणायचा, औषधं आणायची, अशी निमित्तं करून मी जायची. पूर्वी माझ्याकडून काही करून घेताना त्यांना फार संकोच व्हायचा. आता काही म्हणत नसत. एकदा भाकरीचा तुकडा हातात धरून विचारलं, "त्या नळ तोडलेल्या पोरीचं पुढं काय झालं गं?"

"शाळा सोडली तिनं. नववीत."

"हं," म्हणाल्या आणि तुकडा ताटात ठेवला.

माहितीपट पुरा झाला. केतकीनं सोलापुरात एका वाचनालयाच्या छोट्या सभागृहात तो दाखवला. बाईंच्या सांगण्यावरून गावाचं नाव कुठेच नव्हतं. लोक थोडेच होते, बहुतेक आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी. पडद्यावर बाई पायरीवर उभ्या राहून बोलत होत्या आणि खुर्चीतल्या बाई मांडीवरच्या छत्रीची मूठ धरून बघत होत्या. संपल्यावर एका गृहस्थानं विचारलं, सौम्यपणे विचारलं, "बाई, इतक्या वर्षांनी हे काढून काय साधलं?"

बाई उठून उभ्या राहिल्या. विचारणाऱ्याला त्या तोडीस तोड उत्तर देणार, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. त्या म्हणाल्या, "माहीत नाही." आणि बसल्या.

दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेतून बुरखा घातलेली एक बाई लगबगीनं बाहेर पडताना मला दिसली. चालण्यावरून ती शबाना वाटली.

ती शबानाच होती. काही दिवसांनी तिचाच मला फोन आला. "अम्मी म्हणतीय, गावाला जायचंय एकदा. ती जागा बघायचीय. गंगूमौसीला माहीत हाय ना कुठं ते?" त्या पहाटे वैरणीखालून निघालेली जैनबी त्यानंतर कधीच गावाकडे गेली नव्हती.

मी भाड्याची गाडी ठरवली. बाईंना घ्यायला गेले तेव्हा त्या केव्हाच्या तयार होऊन बाहेर ओट्यावर उभ्या होत्या. जैनबी ड्रायव्हरच्या शेजारी बसली होती. आम्ही मागे. नळदुर्गला मी चहाचं विचारलं, तर दोघींनी एकाच वेळी नको म्हटलं.

पुढच्याच थंडीत बाई गेल्या. फुप्फुसाचं दुखणं झालं आणि फार दिवस काढले नाहीत. विहिरीवर दगड बसला नाही; आता तो तुकडा कुणीतरी घेतलाय आणि बाभूळ काढून ज्वारी लावलीय. केतकीचा माहितीपट कुठे कुठे दाखवला गेला, तिनं मला कळवलं होतं. बाईंचं मिळवलेलं काय आणि गमावलेलं काय, याचा हिशोब मी पुष्कळदा मांडून पाहिला. जमत नाही. माझ्या डोळ्यांसमोर राहिल्यात त्या जैनबीला गावाला नेलं त्या दिवशीच्या बाई.

ऊन चढलं होतं. गाडी ओढ्याच्या अलीकडे थांबली. बाईंनी छत्रीनं जागा दाखवली आणि स्वतः लांब, बांधावरच थांबल्या. जैनबी माझा हात धरून काळ्या मातीतून चालत गेली. विहिरीच्या काठाचा जो दगड दिसत होता त्याच्यापाशी बसली, ओढणी डोक्यावरून पुढे घेतली आणि ओंजळ वर करून पुटपुटायला लागली. मी बाजूला सरले. बांधाकडे पाहिलं, तर बाईंनी छत्री मिटली होती आणि चपला काढून ठेवल्या होत्या. पाय भाजत असणार.

बऱ्याच वेळानं जैनबी उठली. तोंडावरून हात फिरवला आणि माझ्या आधारानं बांधापर्यंत आली. बाईंच्या समोर थांबली, पण त्यांच्याकडे न बघता गावाकडे तोंड करून विचारलं, "तू कुठून बघितलंस?"

बाईंनी बोट केलं. "त्या तिकडं. आपल्या माळवदावरून." तिथे आता माळवद नव्हतं. सिमेंटचं घर होतं, वर पाण्याची काळी टाकी.

जैनबी त्या दिशेनं बघत राहिली. मग बाईंकडे पाहिलं, पायांपासून वरपर्यंत, जणू उंची मापत होती.

"लई लहान होतीस गं," ती म्हणाली, आणि गाडीकडे चालू लागली.

मी तिला पुढच्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि हाक मारली, "बाई, चला." बाईंनी मागे न बघता एक हात वर केला, थांब म्हणून, आणि त्या पाण्याच्या टाकीकडे बघत अनवाणी तशाच उभ्या राहिल्या.